हँडलवरचा डबा

चैतालीला सबस्टेशनवर लागून दहा महिने झाले होते आणि या दहा महिन्यांत तिने जेवढ्या शिव्या ऐकल्या, तेवढ्या आधीच्या सव्वीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. लाईट गेली की शिवी. आली आणि परत गेली की दोन शिव्या. कमी दाबाने आली आणि मोटार नुसती गुरगुरत बसली, तर विचारूच नका. जणू चैतालीच घरी जाताना पर्समध्ये लाईट भरून नेत होती!

सबस्टेशन जेऊरपासून दहा-बारा किलोमीटरवर, उजनीच्या पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. एक खोली, मागे कुंपणातलं यार्ड, खोलीत पॅनेल, एक टेबल, तीन पायांवर तोल सांभाळणारी खुर्ची आणि एक जुना टेलिफोन. पंखाही होता, पण तो गावांकडे जाणाऱ्या ज्या लाईनवर म्हणजे फिडरवर होता, तोच सगळ्यात जास्त बंद पडायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चैताली मूळची सोलापूरच्या बुधवार पेठेतली, आयटीआय करून, "पोरीचं काम आहे का हे?" म्हणणाऱ्यांना पुरून उरून ती ऑपरेटर झाली होती. नोकरी ठेकेदाराकडची, अकरा महिन्यांच्या कराराची. घरात महिन्याचा पगार आणणारी ती एकटीच. त्यामुळे शिव्या गिळायच्या आणि "तक्रार नोंदवली आहे" म्हणायचं, एवढंच हातात होतं.

पहिल्या आठवड्यात ती टेबलावर डोकं टेकून रडली होती. तेव्हा दारात बिरप्पा उभे होते. बिरप्पा म्हणजे इथले सगळ्यात जुने लाईनमन. अक्कलकोटकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, वय सत्तावन्न. मायेत आले की कानडीत शिरायचे.

"यव्वा, रडतीस कशाला?" ते म्हणाले. "त्या शिव्या तुला न्हाईत. त्या अंधाराला हायत. अंधाराला कान न्हाईत म्हून तुझ्या कानात घालत्यात. ऐकायचं आन् सोडून द्यायचं."

"तुम्हाला राग येत नाही काका?"

"येतो की! लई येतो. मग खांबावर चढतो. वर गेलं की राग खाली ऱ्हातो."

त्या दिवसापासून चैतालीला हा माणूस आवडू लागला. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस उन्हातान्हात खांब चढत होता. साहेब बदलले, रजिस्टरं बदलली, लाकडी शिड्या जाऊन लोखंडी आल्या, पण बिरप्पांचा एक रिवाज बदलला नाही. तो म्हणजे डबा.

लाईनवर काम असलं की लाईनमन ऑपरेटरकडून परमिट घेतो. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही होते आणि ऑपरेटर पॅनेलवरचं हँडल फिरवून फिडर बंद करतो. काम संपवून लाईनमन परमिट परत करत नाही तोवर कुणी हँडलला हात लावायचा नाही, हा नियम. बिरप्पा परमिट तर घ्यायचेच, वर स्वतःच्या जेवणाच्या डब्याची पिशवी त्या फिडरच्या हँडलवर अडकवून जायचे. निळ्या कापडाची पिशवी, बायकोने म्हणजे म्हाळसाबाईने शिवलेली, तोंडाशी घट्ट गाठ. काम संपवून यायचं, हात धुवायचे, पिशवी काढायची आणि मगच जेवायचं. काम आटपायला चार वाजले तर जेवण चारला. मध्ये कुणी भाकरी पुढे केली तरी घ्यायचे नाहीत.

"असं का काका?" तिने एकदा विचारलं होतं.

बिरप्पा तंबाखू मळता मळता म्हणाले, "माझा एक जोडीदार हुता, धुळाप्पा. एकाच दिवशी कामाला लागलो आमी. परमिट हुतं त्याच्याकडं, सही-बिही सगळं. पर पाळी बदलली, नवा आपरेटर आला, त्यानं रजिस्टरचं भलतंच पान काढलं आन् लाईन चालू केली. धुळाप्पा तवा खांबावरच हुता. कागद चुकतो यव्वा. पर भुकेला माणूस डबा इसरत न्हाय. आन् दुसऱ्याचा भरला डबा कुनी फेकत न्हाय."

सगळ्यांना हे पटत होतं असं नाही. जानेवारीत एकदा बिरप्पा कामावरून आले, जेवले आणि सवयीने रिकामा डबा पुन्हा हँडलवर अडकवून घरी गेले. लाईन चालू व्हायच्या आधीच पाळी बदलली आणि सकाळच्या पाळीचा ऑपरेटर सिद्राम तासभर फिडर बंद ठेवून त्यांची वाट बघत बसला. गावभर हसं झालं. "डब्यानं लाईट अडवली" म्हणून पोरं ओरडत फिरली. सेक्शनचे इंजिनिअर राजमाने साहेब तडक जीप घेऊन आले आणि पॅनेलवर नोटीस चिकटवून गेले: 'पॅनेलवर खाद्यपदार्थ ठेवू नयेत. आदेशावरून.' बिरप्पांनी नोटीस नीट वाचली, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्याच नोटिशीच्या खाली डबा अडकवला.

मेमधली गोष्ट. आदल्या संध्याकाळी असा वारा सुटला की केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि फिडरच्या तारा दोन ठिकाणी तुटल्या. एक जेऊरच्या रस्त्याला, दुसरी पार धरणाच्या पाण्याकडेला. रात्र गेली, सकाळ गेली, तरी लाईट नव्हती. दुपारी दोनला चैताली पाळीवर आली तेव्हा सिद्राम चप्पल घालूनच बसला होता, कारण त्याला जेऊरवरून सोलापूरची गाडी गाठायची होती.

"एकच परमिट हाय, रामहरीचं," असं म्हणून तो निघालासुद्धा.

रामहरी म्हणजे दुसरा लाईनमन, तिशीतला, हाताने चपळ आणि तोंडानेही. रजिस्टरला त्याचं एकट्याचं नाव होतं. आणि हँडलवर निळी पिशवी लटकत होती.

दोनपासून साडेतीनपर्यंत उकाड्याने जीव नकोसा झाला. एक सुख मात्र होतं. मोबाईलच्या टॉवरची बॅटरी बसली होती, त्यामुळे पाण्याकडच्या गावांतल्या शिव्या आपोआप थांबल्या होत्या. टेबलावरचा जुना टेलिफोन तेवढा चालू होता. साडेतीनला तोच वाजला.

"म्याडम, रामहरी बोलतोय जेऊरातनं. काम झालं. परमिट परत घ्या माझं."

तिने वेळ लिहिली. मग पिशवीकडे बघत विचारलं, "बिरप्पाकाका कुठं आहेत?"

"त्ये व्हय? त्ये पान्याकडच्या तुटीवर गेलेत."

"मग त्यांचं परमिट?"

"एकाच फिडरला दोन परमिटं कशाला, म्हून दोघांचं माझ्याच नावावर घेतलं की; त्यांस्नी म्हनलं, तुमी व्हा फुडं. त्यांचं बी झालं आसंल. माझ्याआधी गेल्यात, सकाळी धाला."

"असेल म्हणजे? तुम्ही विचारलंत का?"

"फोन लागंना त्यांचा," रामहरी म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज जरा खाली आला.

तिने फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. या वेळी राजमाने साहेब होते.

"परमिट परत आलं ना?"

"आलं साहेब, रामहरीचं. पण..."

"रजिस्टरला दुसरं आहे का?"

"नाही."

"मग वाट कसली बघताय? वरून मला पंचवीस फोन आलेत. लाईन चालू करा."

"साहेब, बिरप्पाकाकांचा डबा आहे हँडलवर."

पलीकडे साहेबांचा भडका उडाला. "पुन्हा डबा? अहो, मी नोटीस कशाला लावली तिथं? तो म्हातारा मागच्या वेळेसारखा विसरून गेला असेल घरी! काढा तो डबा आणि लाईन चालू करा."

खोटं कशाला सांगायचं, चैतालीला भीती वाटली. करार जूनमध्ये संपणार होता आणि पुढचा मिळणार की नाही हे याच साहेबांच्या शेऱ्यावर होतं. रजिस्टर तिच्या बाजूने होतं. चालू केलं असतं तर कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. तिने रिसीव्हर खांद्यात धरला आणि पिशवीला खालून हात लावला.

पिशवी जड होती. भाकरी, भाजी, शेंगांची चटणी, सगळं जिथल्या तिथे असणार. गाठ सुटलेली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "डबा भरलेला आहे."

"मग मी काय करू?"

"साडेतीन वाजून गेलेत आणि डबा भरलेला आहे. म्हणजे काका जेवले नाहीत. म्हणजे ते लाईनवरच आहेत. मागच्या वेळी डबा रिकामा होता साहेब."

"मला भाकरीचा हिशेब सांगू नका. मी आदेश देतोय!"

"मग लिहून द्या," चैताली म्हणाली. "बिरप्पा लाईनवर नाहीत याची मी खात्री केली आहे, लाईन चालू करा, असं लिहा आणि खाली सही करा. कागद आला की लगेच चालू करते."

साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका तुम्ही," आणि फोन आपटला.

रडायलाही सवड मिळाली नाही, कारण दारात मोटारसायकली थांबल्या. फोनवरच्या शिव्या बंद झाल्या की त्या चालत येतात. पुढे बापूसाहेब होते. पाण्याकडेला त्यांच्या उपशाच्या चार मोटारी, वीस एकर केळी, आणि तालुक्यात शब्दाला वजन. मागे आठ-दहा जण.

"ओ म्याडम," बापूसाहेब दारातूनच गरजले, "जेऊरात लाईनचं काम झालंय म्हनं. मग आमची लाईट कुनाच्या बापानं आडवलीय?"

चैताली उठली. तिच्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतंच. तिने पिशवीकडे बोट दाखवलं. "ती जरा खालून उचलून बघा. काढू मात्र नका."

"ही काय थट्टा हाय?"

"बघा तरी."

बापूसाहेबांनी पिशवीखाली हात धरला. मोठा शेतकरी गडी. आयुष्यभर रानात जेवलेला आणि गड्यांना जेवू घातलेला. भरल्या डब्याचं वजन त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी घड्याळात बघितलं.

"कुनाचा हाय?"

"बिरप्पांचा. पाण्याकडच्या तुटीवर गेलेत, फोन लागत नाही."

"बिरप्पा अजून वर हाय?" बापूसाहेबांचा आवाज एकदम बदलला. मागचे गडी अजून कुरकुरत होते. बापूसाहेब वळून त्यांच्यावरच खेकसले, "गप बसा रं! कुनी त्या हँडलला हात लावला तर गाठ माझ्याशी हाय." आणि स्वतः बुलेटला किक मारून निघून गेले.

तो पाऊण तास चैतालीला फार मोठा गेला. मघाशी ओरडणारे गडी उंबऱ्यावर गप बसून होते. फोन तीनदा वाजला आणि तीनही वेळा तिने तेच सांगितलं. एक गडी उठून माठातलं पाणी घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवून गेला.

पावणेपाचला बुलेट आली. मागे बिरप्पा बसले होते. चिखलाने बरबटलेले, हातांना ग्रीस. बापूसाहेबांचं पांढरं धोतरही चिखलात माखलं होतं.

"खांबावरच हुता," बापूसाहेब म्हणाले. "दोन्ही हातांनी तार धरून हुता. मी खालनं हाक मारली तर म्हनतो, बापूसाहेब, जरा बाजूला व्हा, तार खाली ईल. काम आटपूनच उतरला."

बिरप्पांनी हात धुतले. पॅनेलपाशी आले, पिशवी काढली, गाठ तपासली आणि म्हणाले, "कर चालू, यव्वा."

चैतालीने हँडल फिरवलं. पॅनेल घुमलं, डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरू लागला आणि उंबऱ्यावरचे गडी उठून उभे राहिले. तेव्हा कुठे तिला रडू आलं, अगदी हमसून. मघाशी हँडल फिरवलं असतं तर? हा एकच विचार तिला पुन्हा पुन्हा येत होता.

बिरप्पा खाली मांडी घालून बसले होते. त्यांनी कडक भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढे केली. "खा. आज तुजं बी काम झालंय."

"मला साहेबांनी काढलंय, काका."

"काढू दे की. त्यांनी लिहून दिलंय का?" बिरप्पा म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

लिहून कुणीच दिलं नाही. चैताली दुसऱ्या दिवशी पाळीवर गेली, कुणी अडवलं नाही. रामहरी मात्र सकाळीच येऊन गेला होता; रजिस्टरला आता त्या दिवसाच्या दोन कामांची दोन वेगळी परमिटं होती आणि त्याच्या सहीशेजारी त्याने आपण होऊन वेळ आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहिली होती.

आठवड्याने राजमाने साहेब तपासणीला आले. नोटिशीकडे त्यांनी बघितलं, काढली नाही. यार्डातल्या तारांच्या एका जोडाची पाहणी स्वतः करायची होती त्यांना. फिडर बंद करवला, परमिटची रजिस्टरमध्ये सही केली, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि थांबले. मग जीपकडे वळले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्वतःचा डबा होता, काळ्या चेनच्या पिशवीतला. चैतालीकडे न बघता त्यांनी तो हँडलवर अडकवला आणि यार्डात निघून गेले.

ते लांब गेल्यावर चैतालीने उठून पिशवीला खालून हात लावला. भरलेला होता.