दोघांत एक पिट्टू

माणसांचे चेहरे मी फार कमी पाहिले, पाठी मात्र चांगल्या ओळखतो. माणूस दमला की त्याचे खांदे कसे उतरतात, घाबरला की कसे आखडतात, गाव जवळ आलं की चाल कशी सैल पडते, हे मला विचारा. मी एक पिट्टू. फौजेतले जवान पाठीवर बांधतात ती जाड कॅनव्हासची पिशवी. हिरवट खाकी रंग, दोन पट्टे, पितळी बक्कल.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला शिवलं. माझ्यासारख्यांचा तिथं ढीग होता, आणि कोण कुणाच्या पाठीवर जाणार याचीच आम्हाला उत्सुकता. मी आकाराम हवालदाराच्या वाट्याला आलो. उंब्रजजवळच्या मळ्यातला गडी. उंच, कमी बोलणारा, शिस्तीचा.

त्याचं सामान भरणं बघण्यासारखं होतं. कपड्यांची एक जोडी घट्ट गुंडाळून तळाशी. त्यावर दाढीचं सामान, चहाचा पत्र्याचा मग, सुईदोरा, मूठभर चणे-गूळ. बस्स. मला कधी फुगल्यासारखं वाटलं नाही. पंजाबच्या थंडीत, काश्मीरच्या बर्फात, शांतिसेनेतून पार मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटापर्यंत मी त्याच्यासोबत हिंडलो. मिसरला आम्ही बोटीनं गेलो. पण मी बोटीच्या पोटात, सामानाच्या ढिगाखाली. लोखंडाच्या पलीकडं काहीतरी दिवसरात्र धडका मारत होतं, एवढंच ऐकू यायचं. समुद्र म्हणतात तो हाच, हे वर जाऊन आलेल्या जवानांच्या बोलण्यावरून कळलं. तो दिसतो कसा, ही रुखरुख मात्र तेव्हापासून माझ्या मनात राहिली.

एकाहत्तरची लढाई संपली आणि पुढं हवालदार पेन्शनीत निघाला. किट जमा करताना मला ‘कंडम’ ठरवलं होतं, म्हणून त्याच्याबरोबर घरी येता आलं. त्यानं मला खुंटीला अडकवलं आणि मी पहिल्यांदाच घर नावाची गोष्ट नीट पाहिली.

घर त्याच्या बायकोचं होतं. म्हणजे सातबाऱ्यावर नाव त्याचंच. पण कोनाड्यात काय आहे, कुठल्या मडक्यात कुठलं बियाणं आहे, म्हैस कधी लाथ मारते, पाटाच्या पाण्याची पाळी कुणानंतर कुणाची, हे सगळं मनुबाईला ठाऊक. लग्न झालं आणि महिन्याभरात नवरा पलटणीत गेला. त्यानंतर तो दिसायचा रजेवर आला की. एक मुलगी झाली, विजयमाला. तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करून सांगलीला विश्रामबागेत दिलं. ऊस लावला, तोडला. सगळं मनुबाईनं एकटीनं केलं.

आता नवरा कायमचा आला होता, आणि त्याचं करायचं काय ते दोघांनाही कळत नव्हतं. तो पहाटे उठायचा, घोंगडं चौकोनी घडी घालून ठेवायचा, बूट चकचकीत करायचा आणि ओसरीवर ताठ बसायचा.

“आवं, पाव्हण्यासारखं काय बसताय?” मनुबाई जाता-येता म्हणायची.

“मग काय करू?”

तिला पटकन सांगता यायचं नाही. इतकी वर्षं तिनं कुणाला काम सांगितलंच नव्हतं. मग ती स्वतःच करून टाकायची आणि तो पुन्हा ताठ बसायचा. खुंटीवरून मी बघायचो. एका घरात राहणारी दोन माणसं इतकी जपून कशी बोलतात, याचं मला नवल वाटायचं.

एका दिवाळीला विजयमाला माहेरी आली. नवऱ्याबरोबर ती गुहागरला जाऊन आली होती. मूठभर शिंपले आईपुढं ठेवत म्हणाली, “आई, ते पाणी दिवसातनं दोनदा आपोआप येतं आणि दोनदा आपोआप जातं.”

मनुबाईच्या हातातलं सूप थांबलं. पाण्याच्या पाळीवर तिनं उभा जन्म काढलेला. पाटावर पाटकरी असतो, तो दार उघडतो तेव्हा पाणी येतं, यासाठी तिची चार माणसांशी भांडणं झालेली.

“आपोआप? मग सोडतंय कोण?”

विजयमाला हसली. “बाबांना विचार. त्यांनी समुद्र बघितलाय.”

मनुबाई ओसरीवर गेली. “आवं, समुद्राचं पाणी कोण सोडतंय?”

“चंद्रामुळं हुतं ते,” हवालदार नव्या रंगरुटाला सांगावं तसं म्हणाला.

“आन् चंद्र नसतो तवा? आवसंला?”

हवालदारानं हातातलं बुटाचं फडकं खाली ठेवलं. म्हणाला, “ऊस गेला की जाऊ. बघूनच येऊ.”

ऊस कारखान्याला गेला, आणि सामान भरायला सुरुवात झाली.

मनुबाईनं एक पत्र्याची ट्रंक काढली. तिच्यात पीठ, डाळ, चटणीचं मडकं, स्टोव्ह. दोन घोंगडी, कंदील, तवा. तीन लुगडी. सुंठ, ओवा, दोरी, विळी. वर एक वळकटी वेगळी. शेजारची चंद्राबाई दाराशी उभी राहून आठवण करून देत होती, “मीठ घेतलंस का गं?”

“समुद्रावर मीठ?” असं मी मनात म्हणालो, पण मला कोण विचारतो.

हवालदार आला. त्यानं ट्रंक बघितली, वळकटी बघितली, आणि मला खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवलं.

“ट्रंक न्हाई. दोघांत हा एक पिट्टू.”

“ह्येच्यात काय बसतंय?”

“लागतंय तेवढं समदं बसतंय.”

मग त्यानं पलटणीत किट तपासतात तशी ट्रंक रिकामी केली. एकेक वस्तू घोंगड्यावर मांडली. “स्टोव्ह कशाला?”

“पूर आला तवा चूल भिजली हुती. विजी तापानं फणफणलेली. दोन दिस तिला ऊन पाणी सुदीक देता आलं न्हाई.”

“दोरी?”

“हिरीत घागर पडली हुती. काढाय घरात बाप्या माणूस न्हवता.”

“कंदील? तिथं दिवं असत्यात.”

“साप निघाला हुता गोठ्यात. हातात काडीपेटी आन् पदरात पोर.”

तो विचारत गेला, ती सांगत गेली. प्रत्येक वस्तूमागं एक साल होतं, आणि त्या सालात तो कुठल्या तरी छावणीत होता. शेवटी तो जरा चिडून म्हणाला, “अगं, मी अख्ख्या जन्मात एवढं वझं न्हेलं न्हाई. लढाईवर गेलो तवा बी न्हाई.”

मनुबाई उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता तिचा.

“तुमी हलकंच गेलासा. जड हुतं ते समदं हितं माझ्यापाशी ठिवून गेलासा.”

चंद्राबाई हळूच निघून गेली. हवालदाराचा हात माझ्या पट्ट्यावर होता. तो हात सैल पडला. त्यानं सगळ्या वस्तू एक-एक करून ट्रंकेत परत ठेवल्या, अगदी दोरीसुद्धा. आणि म्हणाला, “तू म्हणशील तसं. मी उचलतो ट्रंक.”

मनुबाई ट्रंकेकडं बघत राहिली. मग तिनं काय करावं? ट्रंक पायानं बाजूला सारली आणि मला पुढ्यात ओढलं.

“ऱ्हाऊ दे. हलकं जाया कसं वाटतंय, ते मला बी बघायचंय एकदा.”

तिनं माझ्यात त्याचा सदरा आणि पायजमा ठेवला, आपलं एक जादा लुगडं, तांब्या, भाकरी आणि चटणी. बक्कल लावायला तिला जमेना, त्यानं दाखवलं. घर आणि म्हैस चंद्राबाईवर सोपवून दोघं सकाळच्या एस.टी.नं कराडला आणि तिथून चिपळूणच्या गाडीत बसली. थेट पाटणपर्यंत मनुबाई सारखी हात चाचपत होती. काहीतरी विसरलंय असं तिला वाटत होतं.

कुंभार्ली घाटात धुकं होतं. खिडकीची काच फुटलेली, वारा आत घुसत होता. पुढच्या बाकावर एक तरणी पोर तान्हं घेऊन माहेरी निघालेली. घाटाच्या वळणावर लेकरू ओकलं, दुपटं भिजलं, अंगावरचं भिजलं. लेकरू थंडीनं कुडकुडायला लागलं आणि पोरीपाशी सुकं फडकं उरलं नाही. मनुबाईनं मला मांडीवर घेतलं, या वेळी बक्कल पटकन काढलं आणि जादाचं लुगडं तिच्या हाती दिलं.

“आवं मावशी, नवं दिसतंय हे!”

“असू दे. माझ्या अंगावर हाय की एक. गुंडाळ त्येला.”

हवालदार हळूच म्हणाला, “आता बदलाय काय?”

“मी काय पाण्यात पडाय चाललेय?”

गुहागरला एका सुपारीच्या बागेतल्या घरात खोली मिळाली. पण मनुबाई खोलीत टेकलीच नाही. मी हवालदाराच्या पाठीवरच होतो. बाग संपली, सुरूची झाडं संपली, आणि तो समोर आला. इतकी वर्षं लोखंडाआडून ऐकलेला. मला वाटलं होतं तो निळा असेल. तो क्षणाक्षणाला वेगळाच होता.

मनुबाईनं डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं. मग म्हणाली, “आवं, ह्येला पल्याडचा काठ न्हाई?”

“हाय. लय लांब. मी गेलोय तिथं.”

“म्हंजे तवा तुमी ह्या पाण्याच्या पल्याड हुता?”

“व्हय.”

“मला वाटायचं, कराडपास्नं मुंबई जेवढी लांब, तसंच काय तरी आसंल.” तिनं पदर कमरेला खोचला आणि पाण्याकडं चालायला लागली.

घोट्याएवढ्या पाण्यात ती थांबली. पायाखालची वाळू सरकते ती कुठं जाते, हे बघायला खाली वाकली. तेवढ्यात एक लाट आली आणि मनुबाई पाण्यात सपशेल बसली. हवालदारानं मला वाळूवर फेकलं आणि धावत सुटला. पण जवळ जाऊन बघतो तर ती हसत होती. तोंडात खारं पाणी, केस सुटलेले, आणि हसू थांबत नाही. तिला इतकं हसताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंही पाहिलं नसावं. तो हात पुढं करायचं विसरून तिच्याकडं बघत उभा होता.

पुढं पेच पडला. बदलायला लुगडं नव्हतं. मनुबाई सुरूच्या झाडांआड गेली आणि बाहेर आली ती हवालदाराचा खाकी सदरा आणि पायजमा घालून. चार घड्या वर दुमडलेला पायजमा, डोक्यावर त्याच्या खांद्यावरचा टॉवेल. हवालदारानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

“गप बसा! कुणी बघंल.”

नऊवारी लुगडं दोघांनी दोन टोकांना धरून पिळलं. मग वाऱ्यावर धरून उभी राहिली. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधे ते लांबलचक हिरवं लुगडं शिडासारखं फुगलेलं. एवढ्या अंतरावरून बोलायचं तर मोठ्यानंच बोलावं लागतं. घरी जी जपून, दबून बोलायची, ती दोघं तिथं ओरडून बोलत होती.

“आवंऽ! पाणी मागं सरतंय बघा! सांगा की, कोण वडतंय त्येला?”

“मला न्हाई म्हाईत!” हवालदार ओरडला. जरा थांबून पुन्हा ओरडला, “मला घरातलं बी काय म्हाईत न्हाई! पाळी कवा येती, म्हस कशानं बुजती! सांगशील का?”

वाऱ्यात तिचं उत्तर मला नीट ऐकू आलं नाही. पण ती टोक धरून चालत त्याच्याकडं निघाली, तसं लुगडं त्या दोघांमधे घडी होत गेलं. जवळ आल्यावर म्हणाली ते मात्र ऐकलं. “सांगीन की. इचारलं न्हाईसा कवा.”

तिनं पाण्याच्या कडेला झावळीचा एक दांडा रोवला. दुसऱ्या दिवशी दोघं तो बघायला गेली. भरती आदल्या दिवसापेक्षा उशिरा आली. मनुबाई म्हणाली, “हितला पाटकरी सुस्त दिसतोय.” चंद्राचं कोडं काही सुटलं नाही. मिठानं कडक झालेलं लुगडं नेसून ती पापडासारखी कुरकुरत हिंडत होती, आणि तो तिच्या मागून, माझ्यासकट.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गावी आल्यावर हवालदार पाळीच्या पाण्याला जायला लागला. पहिल्या वर्षी त्यानं बांध फोडून घेतला, म्हशीनं त्याला आडवा पाडला. मनुबाई ओसरीवर बसून सांगायची, तो करायचा. दोघांची भांडणंही व्हायला लागली, चांगली मोठ्यानं.

आणि मी? माझा रंग गेला. एक पट्टा तुटला, तो उंब्रजच्या बाजारात गुंडा चांभारानं चामड्याचा लावून दिला. शिवताना म्हणाला, “कापाड इरलंय. नवीन घ्या, आता हे लय दिस न्हाई.” खरं आहे ते. माझ्या तळाचे धागे मला मोजता येतील इतके विरळ झालेत.

पण आज मी कराडच्या स्टँडवर आहे, मनुबाईच्या मांडीवर. शेजारी चंद्राबाई. साठीच्या या दोघीच समुद्राला निघाल्या आहेत. अमावस्येला पाणी कसं वागतं ते चंद्राबाईला दाखवायचंय. हवालदार सोडायला आलाय. खिडकीखाली उभा राहून तो विचारतोय, “अगं, म्हशीला पेंड किती भिजवू? आन् मंगळवारची पाळी आपल्या आधी कुणाची?”

“केरबाची. कितींदा सांगू? आन् कोंबड्या झाकायला इसरू नगा.”

गाडी चालू झाली. आता निरोप घेतो, कारण घाटात मला बोलणं सुचत नाही. कदाचित हा माझा शेवटचा फेरा असेल. तुम्ही कुठं निघालात, तर माझ्यासारख्या एखाद्या जुन्या पिशवीत थोडंसंच भरा आणि सुखानं जा. पण दाराबाहेर पडण्याआधी एकदा मागं वळून, घरी कोण राहतंय आणि त्याच्यापाशी काय ठेवून चाललोय, एवढं बघून घ्या.

मागं हवालदार अजून हात वर करून उभा आहे. त्याची पाठ मोकळी आहे, आणि खांदे ओझं घेतल्यासारखे किंचित वाकलेत. मनुबाईनं माझे पट्टे आपल्या हाताला गुंडाळून घेतले आणि खिडकीबाहेर बघत चंद्राबाईला म्हणाली, “जमंल त्येंस्नी. शिकत्यात हळूहळू.”