कडूबाईचे चार मसुदे

भगवानराव साहेबांना कागद उलटताना बोट जिभेला लावायची खोड होती. तोंडात कायम पान असायचं, त्यामुळे प्रत्येक मसुद्याचा कोपरा लालसर आणि ओला होऊन टाइपरायटरपाशी यायचा. नीलम्मा तो चिमटीत धरून मशीनशेजारी ठेवायची आणि टाइप करून झालं की रांजणावर जाऊन हात धुवायची. गंगाखेडच्या त्या तलाव-बांधकामाच्या कचेरीत इतकी वर्षं टायपिस्ट म्हणून काढूनही तिची ही किळस गेली नव्हती.

कामात मात्र ती पक्की. पूर्वी एकदा पाइपांच्या मागणीचा जुनाच मसुदा चुकून परभणीच्या वरच्या कचेरीला गेला आणि कचेरीच्या दारात नको ते पाइप येऊन पडले. तेव्हापासून तिने स्वतःच एक रीत घालून घेतली होती. कोणताही मसुदा असो, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्याचा नंबर आणि तारीख. सुधारून नवा निघाला की जुन्याच्या त्याच कोपऱ्यात आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहायचं आणि त्याच फायलीत खाली लावून ठेवायचं. कोणी, कधी, काय बदललं ते फाईल उघडली की दिसायचं. हेडक्लार्क बन्सीधर हसायचा, ‘‘बाई, तुमी तर रद्दीची बी कुंडली मांडायलाव.’’

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात राणीसावरगावच्या शिवारात तलावाचं काम चालू होतं. मुकादमाने खाणीतली मुरमाची दरड खालून पोखरायला लावली होती, ती कडूबाई नावाच्या मजूर बाईच्या अंगावर कोसळली. सोबतच्या बायांनी हाताने मुरूम उपसून तिला काढलं, पण जीव गेलेला होता. मुकादम जागेवर नव्हता. तो गावात कुणाच्या तरी पंगतीला जाऊन बसला होता. साहेब दुसऱ्या दिवशी जीपने जाऊन पाहून आले आणि हे सगळं त्यांनी जसंच्या तसं लिहून दिलं. नीलम्माने टाइप करून कोपऱ्यात ‘१’ असा नंबर टाकला.

दुपारी मुकादमाचे मेव्हणे आले. तालुक्यात त्यांचं वजन होतं. साहेबांच्या खोलीत भज्यांचा पुडा गेला, दार लोटलं गेलं. मसुदा बाहेर आला तेव्हा त्यावर तेलाचे डाग पडले होते आणि मुकादम जागेवर हजर झाला होता. दरड म्हणे रात्रीच्या पावसाने सैल झाली.

‘‘पाऊस कुठं पडला, साहेब?’’ नीलम्माने विचारलं.

‘‘तुम्हाला काय हवामान खात्यात घेतलंय का, बाई? टाइप करा.’’

हा झाला दुसरा. तिसऱ्यात कडूबाई कामावर नव्हतीच, सरपण वेचायला खाणीत उतरली होती. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की हजेरीपटावर तिचा अंगठा आहे. म्हणून चौथ्यात ती पुन्हा कामावर आली, पण दरडीने किरकोळ जखमी झाली, दवाखान्यात उपचार चालू होते, प्रकृती सुधारत होती, आणि मग घरी नेल्यावर जुन्या दम्याने दगावली.

चौथा टाइप करून झाल्यावर नीलम्मा रांजणावर दोनदा हात धुऊन आली. मेलेल्या बाईला हे लोक बाजल्यासारखं इकडून तिकडं सरकवायलेत, आणि प्रत्येक वेळी हात आपला लागतोय, असं तिच्या मनात आलं. तिने डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला.

साहेबांनी बन्सीधरला आणि तिला आत बोलावलं. ‘‘कोपऱ्यातले ते नंबर काढून टाका. जुने मसुदे जाळा.’’

‘‘नंबर काढले तर खरा कोणता ते कसं कळणार, साहेब?’’

‘‘शेवटचा असेल तो खरा.’’

‘‘मी जाळणार नाही,’’ नीलम्मा म्हणाली आणि बाहेर येऊन बसली.

मग बन्सीधरनेच सगळी फाईल उचलली. कात्रीने कोपरे कापले. त्या दिवशी नामांतराच्या मोर्चामुळे रस्ते बंद होणार अशी बातमी होती आणि परभणीला जाणारी जीप दारात घरघरत होती. ड्रायव्हर हाका मारायलाय, पानं टेबलावर पसरलेली, नंबर तर आता कशावरच नाहीत. बन्सीधरने हाताला आली ती पानं टाचली, साहेबांनी न वाचता सही ठोकली, आणि उरलेले कागद कचेरीमागे पेटवून दिले. परभणीच्या साहेबांनीही वाचलं नसावं. ‘मान्य’ असा शेरा होऊन अहवाल परत आला.

काही दिवसांनी कडूबाईचा नवरा सटवाजी अहवालाची नक्कल न्यायला आला. त्याला वाचता येत नव्हतं. ‘‘माय, काय ल्हिलंय तेवढं वाचून दावा,’’ तो नीलम्माला म्हणाला.

तिने वाचायला घेतलं. पहिल्या पानावर दरड अंगावर पडून कडूबाई जागीच मयत झाली होती आणि मुकादम गैरहजर होता. दुसऱ्या पानावर सदर बाई कामावर नसून सरपणासाठी आली होती. तिसऱ्या पानावर तिच्यावर उपचार चालू होते, प्रकृती सुधारत होती. नीलम्माने पान उलटून पुन्हा मागचं पाहिलं.

सटवाजी पुढे झुकला. ‘‘दवाखान्यात? माय, आमी तर तिला तळ्यावरूनच मसनात नेलं. म्याच अग्नी दिला. मंग दवाखान्यात कोण व्हतं?’’

साहेब खोलीतून बाहेर आले. त्यांनी नक्कल हिसकून घेतली, पानं चाळली आणि बन्सीधरवर ओरडले, ‘‘गाढवा, तीन पानं नीट लावता येत नाहीत तुला?’’ त्यांचा संताप तेवढ्यापुरताच होता. सटवाजीकडे त्यांनी पाहिलंही नाही. ‘‘बाई, शुद्धिपत्र घ्या. पहिलं आणि दुसरं पान बदलायचं.’’

नीलम्माने हात मशीनवरून बाजूला घेतले. ‘‘नाही साहेब. आता एक ओळसुद्धा नाही.’’

‘‘नोकरी नको का?’’

‘‘नोकरी पाहिजे. ही घाण नको.’’

तिने मशीनला कोरा कागद लावला आणि सटवाजीला शेजारी बसवून, साहेबांच्या देखत, परभणीच्या साहेबांच्या नावाने त्याचा अर्ज टाइप केला. अहवाल चार वेळा कसा बदलला, कोणत्या वेळी काय लिहिलं, कोणी बदलायला सांगितलं, सगळं. त्याच्या अंगठ्याखाली तिने ‘हे चारही मसुदे मी टाइप केले’ असं लिहून स्वतःची सही केली.

महिना पुरा व्हायच्या आत तिची बदली जिंतूरला झाली. चौकशी झाली. चौकशीसाहेबांनी मसुदे मागितले, ते राख झालेले. बन्सीधरने देवाची शपथ घेऊन सांगितलं की मसुदा एकच होता, पानं तेवढी चुकली. भगवानराव साहेब बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले. ते ऐकल्यावर दिवसभर नीलम्माला अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात सटवाजी एसटीने जिंतूरला आला. सोबत त्याची म्हातारी सासू, बायनाबाई. भरपाई मंजूर झाल्याचा हुकूम त्याने टेबलावर ठेवला. ‘‘ती कसी मेली म्हून ल्हिलंय, माय?’’

नीलम्माने हुकूम पाहिला. ‘मृत्यूचे कारण’ यापुढे ‘निरंक’ असं टाइप केलेलं होतं. मदत सहानुभूती म्हणून दिली होती.

‘‘काहीच नाही लिहिलं, सटवाजी. मेली, एवढंच आहे.’’

‘‘मंग तुमी सांगा,’’ बायनाबाई म्हणाली. ‘‘लेकीचं काय झालं ते मला सरकारी माणसाच्या तोंडून ऐकायचंय.’’

नीलम्माने खुर्ची सोडली, म्हातारीजवळ बाकावर बसली आणि दरड कोणी पोखरायला लावली, मुकादम कुठं होता, ते तिला सांगितलं. शेजारच्या टेबलांवरचे कारकून खाली माना घालून ऐकत राहिले.

‘‘इतकंच व्हतं तर ल्हायाला काय झालं व्हतं?’’ बायनाबाईने विचारलं.

नीलम्माने हुकूम सटवाजीच्या हातात परत दिला.

सटवाजी हुकूम घडी करून सासूच्या पिशवीत ठेवायला लागला. म्हातारीने पिशवी झटकन मागे ओढली. ‘‘भाकरी हाय तिच्यात. भाकरीला ह्यो कागद लागाया नको, तुझ्यापाशीच ठिव.’’

त्याने तो सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि दोघं स्टँडच्या वाटेला लागले.