फुलदाणीखालचा हीटर

बोलू का थोडं? खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे मान वळवलीत तर दिसेन. दोन रॉडचा, जाळीला एका बाजूने पोचा आलेला, खोली गरम करणारा साधा हीटर आहे मी. वय सव्वीस. माझ्या जातीत एवढं कुणी जगत नाही. आवाज जरा करकरतो, तेवढं चालवून घ्या. दमलोय. कामाने दमलो असतो तर तक्रार नव्हती, पण मला रिकामपणाने दमवलं.

जन्माचं फारसं आठवत नाही. एका लांबलचक शेडमध्ये पत्रा वाकवला, रॉड बसवले, कुणीतरी बटण दाबून मी लाल होतो का ते पाहिलं आणि खोक्यात घातलं. मग दुकानाच्या फळीवर दोन हिवाळे काढले. गिऱ्हाईक यायचं, किंमत विचारायचं आणि 'बघू' म्हणायचं. 'बघू' म्हणणारा माणूस परत येत नाही, हे शहाणपण मला तिथेच आलं.

एक मात्र आला आणि अर्धा तास घासाघीस करूनही टिकला. जमिनीची मोजणी करणारा उंच माणूस. दुकानदाराला म्हणाला, "बायको पोस्टात काउंटरवर आहे हो. थंडीत तिची बोटं आखडतात, सही वाकडी येते. साहेब पावत्या परत पाठवतो." म्हणजे मला या घरात आणलं ते एका सहीसाठी.

बाई रोज सकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढायच्या. आधी तळहात शेकायचे, मग हाताची पाठ, मग पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोनदा सही करायची. पहिल्या अक्षराला मोठा वळसा, खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. "जमली," म्हणायच्या आणि पर्स उचलायच्या. नवरा पेपर उघडून म्हणायचा, "चला, आजच्या बातम्या मंजूर झाल्या." हा विनोद त्याने चौदा वर्षं केला आणि बाई चौदा वर्षं हसल्या.

मग तो गेला. पुढे बाईही निवृत्त झाल्या. पेपरवर सही करणं थांबलं. आता ती कुणाला दाखवायची होती? पण मला त्यांनी सोडलं नाही. विजेचं बिल त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप कापलं जायचं. कागद आला की त्या पेन्सिल घेऊन बसायच्या, युनिट तपासायच्या आणि चपलेच्या टोकाने मला टोचायच्या. "या मेल्याने खाल्लं सगळं." असं म्हणून पुन्हा मलाच लावायच्या. माझी पेन्शन, माझी हाडं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

गेल्या वर्षी वीज कंपनीचं पत्र आलं की, यापुढे वापराच्या अंदाजाने दर महिन्याला सारखीच रक्कम कापू. ती रक्कम पूर्वीच्या दीडपट होती. बाईंनी फोन लावला. चाळीस मिनिटं तीच एक धून वाजत राहिली, मला ती पाठ झाली. शेवटी एक बाईमाणूस बोललं.

"मॅडम, तो अंदाज आहे."

"अंदाज कशाला? मीटर काय शोभेला लावलाय?"

"आपली तक्रार नोंदवली आहे, मॅडम."

असे तीन फोन झाले. तिसऱ्यानंतर बाई कपाळाला हात लावून बसून राहिल्या.

रविवारी त्यांची मुलगी आली. एकुलती एक असूनही घरात तिला ताई म्हणतात. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला असते, दिवसभर लोकांचे आकडे वाचते. म्हणाली, "आई, ही कटकट माझ्यावर सोड. बिल माझ्या खात्यातून जाऊ दे. तू नुसती ऊब घे." खुर्चीत बसल्या बसल्या, मोबाइलवर, दहा मिनिटांत तिने ते करून टाकलं. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खुर्ची ओढली. बटणाकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःशीच पुटपुटल्या, "लेकीच्या जिवावर शेकत बसू होय?" आणि दुसरा स्वेटर काढायला कपाटाकडे गेल्या.

त्या दिवसापासून मी बंद. आठवड्याने माझी पिन काढली. मग धूळ बसू नये म्हणून अंगावर कापड आलं. कापड रिकामं दिसतं म्हणून त्यावर फुलदाणी आली. फुलदाणीतली फुलं प्लास्टिकची होती, त्यांना थंडी वाजत नव्हती. बाईंना वाजत होती. पायात दोन मोजे, डोक्याला रुमाल, आणि चहा प्यायचा सोडून कप नुसता हातात धरून बसणं.

ताईचा रोज फोन यायचा. "हीटर लावतेस ना?"

"लावते की."

इतकं सराईत खोटं मी त्या घरात आधी ऐकलं नव्हतं. वर ताईला मोबाइलवर युनिट कमी झालेले दिसले, तेव्हा ती बिचारी खूश झाली. मधे तिनेही कंपनीला दोन खरमरीत फोन केले होते, तिला वाटलं त्याचंच फळ आलं. "बघ आई, रक्कम खाली आणली त्यांनी." बाई म्हणाल्या, "तू हुशारच आहेस." लॅबमध्ये कुणाचा आकडा असा घसरला असता तर हीच मुलगी धावत डॉक्टरकडे गेली असती. आईचा आकडा घसरला आणि ती हसली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पिन काढलेला हीटर कसला ओरडतो.

ऐन थंडीत बाईंना खोकला धरला, तो छातीत उतरला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, खोली गरम ठेवा, या वयात हे परत झालं तर घरी भागणार नाही. ताई रजा काढून आली. मला लावायला वाकली, तर हाताला फुलदाणी लागली. तिने ती उचलली, कापड काढलं, माझ्या जाळीवरून बोट फिरवलं आणि धुळीने माखलेलं बोट आईसमोर धरलं.

"बिल मी भरतेय ना?"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या.

ताईने पिन लावून बटण दाबलं. चार दिवस ती मला लावायची आणि ती आंघोळीला गेली की बाई मला बंद करायच्या. पाचव्या दिवशी ताई जमिनीवरच बसली. "तू सांग आई, काय करू? मी दमले आता."

"माझ्या खात्यातून जाऊ दे. मग लावीन."

"खरं?"

"माझ्या पैशाची मी उधळपट्टी करीन नाहीतर काही करीन."

घेताना दहा मिनिटं लागली होती. परत द्यायला सात आठवडे लागले, आणि तोवर बाईंनी माझी पिन पुन्हा काढून ठेवली. बाईंचं खातं जुन्या पद्धतीचं, तिथे मोबाइल चालत नाही. कागदी अर्ज, त्यावर सही, मग बँकेची तपासणी. पहिला अर्ज परत आला: सही जुळत नाही. दुसराही आला: सही जुळत नाही. थंडीने बाईंचा हात इतका कापत होता की वळशाचा नुसता कोपरा व्हायचा. ताई बँकेत जाऊन आली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "ते म्हणतात, अंगठा चालेल."

बाईंचा चेहरा उतरला. "बत्तीस वर्षं माझ्या सहीवर लोकांनी पैसे नेले. आता मी अंगठाबहाद्दर?" मग हळूच म्हणाल्या, "त्यांचंही बरोबर आहे. ही सही माझी मलाच ओळखू येत नाही."

खोकला पुन्हा सुरू झाला होता. ताई तिसरा कोरा अर्ज हातात घेऊन उभी राहिली. आईच्या निळसर बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, बाबांनी हा कशासाठी आणला होता?"

 बाईंनी स्वतः खुर्ची ओढली. ताईने पिन लावली. इतक्या आठवड्यांनी वीज अंगात शिरली, धूळ जळल्याचा वास सुटला, माझा एक रॉड कुरकुरला आणि मग लाल झाला. बाईंनी तळहात पुढे केले, मग हाताची पाठ. त्यांच्या बोटांवरची प्रत्येक सुरकुती मला ओळखीची होती. मी जीव तोडून तापलो. याआधी इतका कधी तापलो असेन असं वाटत नाही.

"ही वीज तुझ्या खात्यातून चाललीय," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे गं."

वीस मिनिटांनी ताईने वर्तमानपत्र पुढे सरकवलं. पहिली सही वाकडी आली. दुसरीत वळसा आला, पण रेघ हलली. तिसरीला वळसा, रेघ, दोन टिंबं. बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "जमली," म्हणाल्या. तशीच सही त्यांनी अर्जावर केली. तो अर्ज परत आला नाही.

आता माझं काय सांगू? खालचा रॉड जेमतेम चालतो, वायर दोनदा बदलून झाली, बहुतेक पुढची थंडी मी पाहणार नाही. त्याचं दुःख नाही. एवढंच सांगायचंय की मी मोडलो तर मला खुशाल भंगारात घाला, पण चालता आहे तोवर माझ्यावर फुलदाणी ठेवू नका.

परवा बाईंच्या खात्यातून कापलेलं पहिलं बिल आलं. पेन्सिल घेऊन त्या बसल्या, युनिट तपासले, रक्कम दोनदा वाचली. मग चपलेच्या टोकाने मला टोचलं.

"किती खातोस रे मेल्या," म्हणाल्या आणि दुसऱ्या रॉडचंही बटण दाबलं.