दोन सुयांचं झाड

मी दमलेय, हे आधीच सांगते. बाबा पावसाळा संपल्यापासून अंथरुणाला खिळलेत. त्यांना उठवा, पुसा, भरवा, आणि वर त्यांचं एकच पालुपद: "माझं झाड तोडलं का?"

आमच्या डोंगरात म्हाताऱ्या माणसाची शवपेटी तो जिवंत असतानाच करून ठेवतात, आणि तीही घरच्या रानातल्या पाइनचीच. माणूस गेला की ती गावाच्या गुहेत, पूर्वजांच्या पेट्यांशेजारी ठेवतात. बाबांनी ओढ्याकाठचं झाड कधीचं ठरवून ठेवलं होतं. आज शेवटी माझा धाकटा भाऊ लुमिवान कुऱ्हाड घेऊन गेला, आणि थोड्याच वेळात एक डहाळी तेवढी घेऊन परत आला.

"हे बघ ताई. पानांच्या झुबक्यात दोनच सुया. आपल्या पाइनला तीन असतात. हे डोंगराखालचं, झांबालेस प्रांताकडचं झाड आहे."

"काहीतरीच. आपल्या रानात कुणी झाड लावतं का? ती आपली आपण उगवतात."

"म्हणूनच तर आजवर कुणी मान वर करून बघितलं नाही. गावातली मोठी माणसं ऐकायची नाहीत. परक्या लाकडातून आलेल्याला पूर्वज ओळखत नाहीत म्हणतील. मी दुसरं तोडतो."

"तोड कुठलंही एकदाचं. म्हाताऱ्याला काय कळतंय?" खरंच, मला आता हे सगळं उरकायला हवं होतं.

"म्हाताऱ्याला ऐकू येतं," बाबा आतून म्हणाले. "आण ती डहाळी इकडे."

त्यांना दिसत नाही. त्यांनी सुया बोटांनी चाचपल्या, नाकाशी नेल्या.

"दोनच आहेत. मला ठाऊक आहे. तुमच्या आईनं माहेरून रोप आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून. सासू हसेल म्हणून गुपचूप लावलं."

आई गेली तेव्हा, खालच्या बाईला आमच्या गुहेत जागा नाही, असं मोठ्यांनी सांगितलं. मामा तिला झांबालेसला घेऊन गेला. बाबा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"तिला माझ्याशेजारी ठेवू दिलं नाही," बाबा म्हणाले. "मग मी तिच्या लाकडात जातो. कुणी विचारलंच तर सांगा, आंधळ्याला सुया मोजता आल्या नाहीत."

मी कुऱ्हाड उचलून लुमिवानच्या हातात दिली.

"पेटीला सुया थोड्याच असतात," मी म्हणाले. "जा. डहाळ्या तेवढ्या ओढ्यात सोडून दे."