चढ सोपा झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. काळी, उंच दांड्याची, मागे भक्कम कॅरियर असलेली. नवी होते तेव्हा माझी घंटी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची.

मला विकत घेतलं ते पुस्तकबांधणी करणाऱ्या एका तरुणानं. त्याची बायको पावाच्या भट्टीत कामाला होती. काम सुटलं की तो तिला कॅरियरवर बसवून घरी आणायचा. ती अंगानं चांगली भरलेली. वाटेतल्या चढावर त्याला धाप लागायची, मग तो उतरून मला ढकलायचा.

"पिठाचं पोतं वाहतोय मी!"

"पोतं आहे म्हणून घर चाललंय. ढकला मुकाट्यानं!" ती म्हणायची, आणि दोघंही हसायची.

बघता बघता त्यांचे आजी-आजोबा झाले. लेक लग्न होऊन दूर गेली. बाजारहाट मात्र माझ्यावरूनच चालायचा.

मग एका वर्षी आजी मागे बसलेल्या असतानाही आजोबा त्या चढावर उतरलेच नाहीत. थेट माथा गाठला!

"बघितलंस? पाय अजून विशीतले आहेत माझे!"

बाजारात बायका आजींना म्हणायच्या, "काय सडसडीत झालात हो! आम्हालाही सांगा की गुपित." आजी नुसत्या हसायच्या. मला मात्र कळत होतं. आजोबांचे पाय होते तसेच होते, आजीच हलक्या होत चालल्या होत्या. पण सायकल बोलणार कशी?

पुढे लेक माहेरी आली. अंगणातच तिनं आईला मिठी मारली आणि ती दचकली.

"आई, हाडं लागतायत गं तुझी! जेवतेस ना नीट?"

"आत्ताच तर जेवले."

लेकीनं बापाकडे पाहिलं. चूल अजून पेटलीच नव्हती.

बऱ्याच तपासण्या झाल्या. परत आल्यावर लेक शेजारणीला सांगत होती, "डॉक्टर म्हणाले, उतारवयात आपोआप वजन उतरलं तर कारण शोधायलाच हवं. कारणं पुष्कळ असतात. पण विस्मरणाच्या आजारात कधी कधी विसरायला होण्याआधीच माणूस असं वाळायला लागतं. आईचं तसंच झालंय."

त्या संध्याकाळी आजोबा माझ्या सीटवर हात ठेवून उभे होते. "आणि मी पायांची फुशारकी मारत होतो," एवढंच पुटपुटले.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टेकून असते. तारा गंजल्या, टायर बसले. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. आजींचं विसरणं वाढतंच आहे, वजन मात्र थोडं सावरलंय. घास हातात घेऊन त्या मध्येच थबकतात, पुढे काय करायचं ते सुचत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस उगाच बारीक होत असेल, तर "छान दिसताय" म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्या ताटाशी बसा. काय खाल्लं ते विचारा. वेळेवर डॉक्टरांना दाखवा.

आत ताटं वाढली आहेत. आजोबा आजींच्या समोर बसलेत. ते आपला घास सावकाश उचलून तोंडात घालतात. आजी टक लावून बघतात, आणि मग त्यांचाही हात हळूहळू वर येतो.