घाटीखालचं घर

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, आणि आता थोडी दमलेही आहे. तेव्हा सावकाश सांगेन. तुम्हीही सावकाश ऐका.

तुमच्या सायकलीला घंटी असेल, मागे कॅरिअर असेल, उभं राहायला स्टँड असेल. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी लांबच्या डांबरी रस्त्यावर वेगानं धावायची सायकल. दोन बोटं रुंदीचे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि सीट अशी अरुंद, की पहिल्या दिवशी बसणारा उठताना माझ्याकडे रागानंच बघतो. एका कारखान्यात माझ्या नळ्या कापल्या, जोडल्या, त्यांना निळा रंग दिला आणि खोक्यात भरून मला ठाण्याच्या एका दुकानात धाडलं. तिथे कॉन्स्टान्सियो मास्तरांनी मला पाहिलं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे मालवणकडचे, पण पोटासाठी ठाण्यात राहिलेले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस नवी कोरी सायकल घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्यांची बायको फ्लाव्हिया कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्या वयात लोका मोटार घेतत. तू सायकल हाडलंस. फुडल्या वर्साक काय, पाळणो?"

मास्तर नुसते हसले. दर रविवारी उजाडायच्या आत आम्ही घोडबंदर रस्त्याला लागायचो. मास्तरांचा श्वास आणि माझी साखळी यांचा एकच ताल जमला होता. एकदा आम्ही एका दिवसात दोनशे किलोमीटर गेलो. त्याचं पदक मास्तरांनी स्वतःच्या गळ्यात न घालता आठवडाभर माझ्या हँडलला अडकवलं. शाळेतली मुलं मला हात लावून बघायची. त्या वर्षांत मला वाटायचं, रस्ता संपतच नसतो.

मग एका सकाळी भिवंडीच्या बाजूला एक ट्रक आम्हाला चाटून गेला. माझं पुढचं चाक वाकलं आणि मास्तरांच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, चाकही बदललं. पण फ्लाव्हिया त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर सात तास बसली होती, आणि ते सात तास काही तिच्या अंगातून गेले नाहीत. मास्तरांनी मला बाल्कनीत ठेवलं ते ठेवलंच. माझ्या हँडलावर ओले टॉवेल वाळू लागले, सीटवर कांद्याची जाळी आली. टायर बसले. साखळीवर तांबूस पूड धरली. जाता-येता मास्तर माझा ब्रेक एकदा दाबून बघायचे आणि आत जायचे. मित्रांनो, मारापेक्षा हे असं हळूच दाबून निघून जाणं फार लागतं.

दोन वर्षांनी मास्तर निवृत्त झाले. दोघांनाही आपल्या मुलखात परतायचं होतं, पण गावातलं घर कधीच पडून गेलं होतं. म्हणून कणकवलीत एक खोली भाड्यानं घेऊन दोघं घर शोधू लागली. मास्तरांनी मला झाडलं, पुसलं, नवे टायर घातले. ते बघून फ्लाव्हिया म्हणाली, "चालव. माझी ना नाय. पण घर असा बघ, की तू भायर गेल्यार माझो जीव थाऱ्यावर रवात. पावसाच्या आत गावला तर बरा. नाय गावला तर सायकल मेल्विनाक."

मेल्विन म्हणजे तिचा भाचा. मडगावला त्याचं छोटं हॉटेल होतं. मला पांढरा रंग मारून तो हॉटेलच्या भिंतीवर लावणार होता. गिऱ्हाइकं माझ्यापुढे उभी राहून फोटो काढतील म्हणे. चाकं असून आयुष्यभर भिंतीला चिकटून राहायचं! माझ्या जिवाचं पाणी झालं. मास्तरांच्याही झालं असावं, कारण ते त्या दिवशी दोनदा माझ्या साखळीला तेल घालून गेले.

पहिलं घर पाहिलं ते नांदगावात. नवी इमारत, लिफ्ट, जवळ स्टेशन, आणि पुढ्यात आरशासारखा महामार्ग. त्या रस्त्यावर मी कशी पळाले म्हणून सांगू! मास्तर परतले ते शीळ घालतच. फ्लाव्हिया दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"तासाभरात किती ट्रक गेले, बघलंस?" तिनं विचारलं. "प्रत्येकाच्या मागसून तू दिसतंस काय, ता मी बघी होतंय. ह्याच करूचा तर ठाणा काय वायट होता?"

नांदगाव सुटलं.

दुसरी जागा मिठबावच्या वर, सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं सपाट कातळाचं माळरान. तिथे निवृत्त लोकांसाठी बंगल्यांची वसाहत होत होती. खाली दूरवर समुद्र, वर नुसता वारा. जागा दाखवणाऱ्या सिद्धेशनं रंगीत कागद पसरला. त्यात हिरव्या रेघेनं सायकलचा रस्तासुद्धा काढला होता.

"सर, सगळं सपाट आहे. दमायला होणारच नाही," तो म्हणाला.

गाड्या नव्हत्या, वळणं नव्हती. फ्लाव्हियालाही नकार द्यायला काही सापडेना. मास्तर सिद्धेशला म्हणाले, "एक दिवस चालवन बघतंय. मगे सांगतंय." पण मनातून ते तिथे राहायला गेलेच होते.

रात्री तिथल्याच एका तयार बंगल्यात राहून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सड्यावरून निघालो. वळणावळणाची घाटी उतरून खाली गावात, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं दूरपर्यंत. मजेत चाळीस किलोमीटर झाले. परत घाटीच्या पायथ्याशी आलो तेव्हा अकरा वाजले होते आणि डांबर तापून मऊ झालं होतं. पहिल्या वळणावर मास्तर सीटवरून उठून पाय मारू लागले. दुसऱ्या वळणावर माझी साखळी कुरकुरली. तिसऱ्या वळणावर आम्ही थांबलो. मास्तरांनी मला चिऱ्यांच्या गडग्याला, त्या बुटक्या दगडी कुंपणाला टेकवलं आणि तिथेच सावली बघून खाली बसले. मी मनातून धास्तावले होते. वर घर आणि मधे एवढा चढ!

तेवढ्यात वरून एक सायकल आली. जाड टायरांची, काळी, मागे मोठी, जवळजवळ रिकामी पाटी. गावात आणि सड्यापलीकडच्या वाड्यांत पाव घालणारा बाळा होता तो. मास्तरांच्याच वयाचा. त्यानं चप्पल घासत सायकल थांबवली आणि स्टँडवर लावली.

"काय झाला? साखळी गेली?"

"साखळी बरी आसा. मीच गेलंय," मास्तर म्हणाले.

बाळा हसला. पाटीतून एक पाव काढून त्यानं पुढे धरला. "धरा. उरलेलो आसा, वायच कडक झालो. पाणी घेवन खावा."

मास्तरांनी पाव खाल्ला. थोड्या वेळानं विचारलं, "तू ही घाटी रोज चढतंस?"

"सकाळी सहाक. पाटी भरलेली, पण पाय ताजे आसतत. आता पाय गेले, पण उतार आसा. आता सायकलच माका घरी नेता." मग त्यानं विचारलं, "तुमचा घर खंय?"

मास्तरांनी वर सड्याकडे बोट दाखवलं. बाळानं तिकडे पाहिलं, मग त्यांच्या घामेजल्या शर्टाकडे पाहिलं.

"मगे तुमी सगळा उलटा केलात."

"कसा?"

"ताजे असताना उतरतल्यात आणि दमल्यार चढतल्यात. यंदा चढश्यात. फुडल्या वर्सापण चढश्यात. मगे?" त्यानं पाटी नीट बांधली. "मी पाववालो, माका काय कळता! पण म्हाताऱ्या माणसाक घर खाली होया. दमल्यार घराकडे उतार होयो."

मास्तरांनी मान वर करून घाटीची उरलेली वळणं मोजली. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना डोंगर काढायला शिकवला होता. पण सिद्धेशचा कागद सपाट होता, आणि कागदावर चढ दिसत नाही हे ते विसरूनच गेले होते.

आम्ही वर गेलो ते चालत. सिद्धेश वाटच बघत होता. "सर, व्ह्यू बघा ना. असा कुठे मिळेल?"

"बरो आसा रे," मास्तर म्हणाले. "तो बघूक मी सकाळचो येयन."

घाटीच्या पायथ्याशी बाळाच्या शेजारी मथुराकाकी राहायची. तिची मुलं दूरगावी, अर्धं घर रिकामं. बाळानं शब्द टाकला आणि मास्तर-फ्लाव्हिया आठ दिवस राहून बघायला आली. फ्लाव्हियानं बॅगा उघडल्यासुद्धा नाहीत. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता, आणि ती मेल्विनचा फोन नंबर पदराला बांधल्यासारखी वागत होती.

पाचव्या दिवशी नेमकं वाईट घडलं. गावाबाहेर, तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर, माझ्या मागच्या टायरात काच घुसली. मास्तरांचा फोन घरीच राहिलेला. नऊला परतायचे ते दहा झाले, साडेदहा झाले. मी रस्त्याकडेला उलटी पडून विचार करत होते, आता फ्लाव्हियाला पुन्हा इस्पितळातला तो बाक आठवत असेल. संपलं आपलं.

आम्ही अकराला दारात पोचलो. मास्तरांचे हात काळे, तोंड त्याहून काळं. फ्लाव्हिया अंगणात मथुराकाकीसोबत फणसाचे गरे काढत बसली होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"इलंस? टायर झालो?"

मास्तर बघतच राहिले. "तुका कोणी सांगल्यान?"

"बाळान तुका तिठ्यार चाक काढताना बघल्यान. तेना दुकानात सांगल्यान, दुकानातल्यान शेजारणीक, शेजारीण हय येवन सांगान गेली. थंयच्या टपरीर बसान तू दोन प्लेट भजी खाल्लंस, तापण कळला."

"एकच प्लेट," मास्तर म्हणाले.

"दोन," फणसातून काढलेला गरा ताटात टाकत मथुराकाकी म्हणाली.

मास्तरांनी मला भिंतीला टेकवलं. फ्लाव्हियानं हाताला लागलेला चीक तेलानं पुसला आणि ती उठली. "मेल्विनाक सांग, भिंतीक दुसरा कायतरी टांग म्हणान," एवढं बोलून ती आत गेली आणि बॅगा उघडू लागली.

त्याला आता चार वर्षं झाली. समुद्राची खारट हवा लोखंड खाते, मित्रांनो. माझे बोल्ट गंजलेत, निळा रंग पापुद्र्यासारखा सुटतोय. मास्तरांचे गुडघेही तसेच. दोनशे किलोमीटरची गोष्ट आता कुणी काढत नाही. वीस झाले तरी आम्ही दोघं दुपारभर निजतो. पण फिरून आलं की रोज गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं माझ्या अंगावरून फिरतं, आणि ते फिरवणारा हात फ्लाव्हियाचा असतो. तुमच्याही घरात कुणी थकलेलं असेल. मग ती वस्तू असो की माणूस. त्याला कोपऱ्यात ठेवून त्याची काळजी घेतली असं समजू नका. त्याला पुसा, तेल घाला, आणि त्याला झेपेल तेवढं बाहेर न्या. वेग कमी झाला तर तुम्ही आपला वेग कमी करा.

काही सकाळी मास्तरांना सड्यावरून समुद्र बघावासा वाटतो. तेव्हा घाटी आम्ही चढत नाही, चालतो. मास्तर माझं हँडल धरतात. फ्लाव्हियाही सोबत येते, एक हात माझ्या सीटवर टेकवून. आधारासाठी धरलंय म्हणते. पण वळण आलं की तो हात मला पुढे ढकलतो. मास्तरांना ते कळतं. ते मागे वळून बघत नाहीत, नुसती चाल जराशी हळू करतात.