माझा धूर कोणाच्या घरी जाईल?

मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका, अजून मी पेटलेलो नाही! मी ट्रॅक्टरचा जुना टायर आहे, आणि खरं सांगतो, मला फार धास्ती वाटते आहे.

माझी उमेदीची वर्षं चांदूर बाजारच्या काळ्या मातीत गेली. पुंजाराम पाटलांच्या घरी दसऱ्याला त्यांची बायको मैनाबाई मला हळदकुंकू लावून म्हणायच्या, "याच्याच जिवावर शेत हाय बापा." कौतुक कोणाला आवडत नाही? पण लागोपाठ कपाशी बुडाली, ट्रॅक्टर विकला गेला, आणि झिजलेला मी पातूरला अब्दुल सत्तारांच्या भंगारात येऊन पडलो.

त्यांची नात तुबा माझ्यात बसून मोठ्याने धडा वाचायची. मागेच वीटभट्टी होती. तिथे जुने टायर जाळायचे. काळा धूर आला की तुबाची छाती वाजायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जळत होते ते माझेच भाऊबंद ना!

एकदा भट्टीवाल्याने मलाही मागितलं. तुबाची आजी कुलसुमबी कडाडल्या, "पोरीचा दम घुटून राहिला अन् तुमाले टायर पाह्यजे? एक बी भेटनार नाही!"

मग सिमेंट कारखान्याचा ट्रक आला. तिथे आता कोळशासोबत कचराही जाळतात. ड्रायव्हर गोपाल म्हणाला, "आमच्या भट्टीत लई आग असते मावशी. टायर पुरा जळते, धूर गाळून वर सोडतात."

"खरं सांग, तुमच्या गावातले लेकरं खोकत नाहीत?" कुलसुमबींनी विचारलं.

गोपालने मान खाली घातली. "गाळायची मशीन चालू असली तं नाही. बंद पडली तं आमी खिडक्या लावून घेतो. माही पोरगी प्रणाली तुबाएवढीच हाय."

कुलसुमबी माझ्याकडे पाहून हिशेब करू लागल्या. मला ठेवलं तर पावसाचं पाणी साचून डास, दिलं तर धूर. शेवटी म्हणाल्या, "घेऊन जाय. पण मशीन बंद असली तं टायर टाकू देजो नोको. तुले पोरीची कसम."

"मले कोन इचारते, मावशी?" गोपाल म्हणाला.

आता मी ट्रकमध्ये आहे. तुबा हात हलवते आहे, आज तिची छाती वाजत नाही. मित्रांनो, मला जाळायचं तर जाळा. पण धूर गाळणारी मशीन चालू आहे का, हे आधी तुम्ही विचारा, गोपालला कोणी विचारत नाही. तिकडे प्रणाली खिडकी उघडी ठेवून अभ्यासाला बसली असेल.